कटात टिकणारा ब्रेड

आदिती मगदूम नऊ वर्षांची झाली, तरी सहा वर्षांच्या पोरीइतकीच दिसायची. जेवली की पोट फुगायचं, चालली की पाय दुखायचे, आणि आठवड्यातून एकदा तरी शाळेतून फोन यायचा, "हिला घेऊन जा." दोन वर्षं जंताची औषधं झाली, टॉनिकच्या बाटल्या झाल्या, नृसिंहवाडीकडच्या एका वैद्यांचा कडू काढाही झाला. शेवटी जानेवारीत एका डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासलं, दुर्बिणीने आतडं पाहिलं आणि तिच्या आईला, चंदनाला, समोर बसवून सांगितलं, "हिला गहू चालत नाही. आठ दिवस बंद आणि मग चालू, असलं हे प्रकरण नाही. गव्हातल्या चिकट द्रव्याशी हिच्या आतड्याचं वैर आहे. यापुढं कणसुद्धा पोटात जाता कामा नये."

"कणसुद्धा?"

"कणसुद्धा. पण घाबरू नका. गहू थांबला की पोरगी बहरेल, बघा."

चंदनाला रडू यायला हवं होतं. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिला उलट हायसं वाटलं. दोन वर्षं नुसते अंदाज चालले होते. आता निदान कशाशी झुंजायचं ते कळलं होतं.

शाहूपुरीतल्या पाचव्या गल्लीत मगदुमांचं घर. सासरे वर्धमान, ज्यांना सगळे आण्णा म्हणत, शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. नवरा जिनेंद्र, लक्ष्मीपुरीत पाण्याच्या मोटारींचं दुकान चालवणारा. आणि सासूबाई, आक्का. घर सुनेच्या हातात आलं तरी स्वयंपाकघर आक्कांच्याच हुकमात होतं. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं ऐकून त्या म्हणाल्या, "गहू सोडून कोन जगतंय व्हय? आन कणानं काय हुतंय? आमच्या सात पिढ्यांत असला रोग बगितला न्हाय."

पण चपात्या बंद झाल्या त्या घराला फारशा जाणवल्या नाहीत. ज्वारीची भाकरी होतीच, भात होताच. गिरणीत ज्या दगडावर लोकांचे गहू दळतात त्याच दगडावर आपली ज्वारी नको, म्हणून जिनेंद्रने घरघंटी आणली. गव्हाच्या पिठाचा डबा रिकामा करून, घासून, उन्हात वाळवून त्यात शेंगदाणे भरले. महिन्याभरात आदितीचं पोट उतरलं. शाळेचे फोन थांबले.

अडलं ते रविवारपाशी.

रविवारी सकाळी मगदुमांकडे मिसळ. हा नेम जिनेंद्रच्या लहानपणापासूनचा. जैनांचं घर, त्यामुळे कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. मोड आलेलं कडधान्य आक्कांना चालत नसल्यामुळे मटकीही नुसती भिजवून शिजवलेली. पण सुकं खोबरं, तीळ, लाल मिरची, टोमॅटो आणि हिंग एवढ्यावर आक्का असा कट उतरवायच्या, की त्या लाल, झणझणीत रश्शाचा वास जिन्यापर्यंत यायचा. आणि कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडच लागतो, जाड कापलेले पांढरे स्लाइस. आक्का मात्र भाकरी घ्यायच्या. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी जैन मुनिमहाराजांसमोर नियम घेतला होता, बेकरीतलं आंबवलेलं काही तोंडात घालायचं नाही. आता आदिती त्यांच्या शेजारी भाकरी घेऊन बसू लागली.

पहिले दोन रविवार ती काही बोलली नाही. तिसऱ्या रविवारी भाकरीचा तुकडा कटात बुडवून ती त्याच्याकडे बघत राहिली.

"आई, भाकरी कट पीत न्हाय."

"म्हणजे?"

"स्लाइस कसा, बुडवला की कट पितो. मग तोंडात घातला की सगळा कट एकदम येतो. भाकरी नुसती ओली हुती."

जिनेंद्र हसला. "आज्जी खातीय की भाकरीसंगं."

"आज्जीनं नियम घेतलाय," आदिती म्हणाली. कोल्हापूरच्या बायकापोरींसारखी तीही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची. "मी कुठं घेतलोय?"

सगळे हसले. आण्णांना तर ठसका लागला. चंदना हसली नाही. पुढच्या गुरुवारी पोरगी शाळेतून आली ती डबा तसाच घेऊन. वर्गातल्या एकीचा वाढदिवस होता, सगळ्यांना सँडविच वाटले, हिला बाईंनी चॉकलेट देऊन बाजूच्या बाकावर बसवलं. ओरडली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "मला भूक न्हवती."

त्या संध्याकाळी चंदनाने माळ्यावरून ओव्हन खाली काढला.

लग्नात भावाने दिलेला तो ओव्हन अकरा वर्षांत दोनदा वापरला होता. चंदनाला बेकिंगमधलं काही येत नव्हतं. जयसिंगपूरला रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली, लग्नाआधी वर्षभर शाळेच्या प्रयोगशाळेत काम केलेली. तिला येत होतं ते एवढंच, की प्रयोग फसला तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तयार, गव्हाशिवायचा ब्रेड तिने आधी मागवून बघितला होता. पाकीट उलटं करून वाचलं, तर त्यात अंडं. घरात अंडं येणं शक्य नव्हतं. म्हणजे गहू नाही, अंडं नाही. आणि यीस्ट आणलं तर आक्कांनी स्वयंपाकघर सोडलं असतं. एवढं सगळं वगळून ब्रेड करायचा होता.

पहिल्या शनिवारी तिने ज्वारीचं पीठ, दही आणि खाण्याचा सोडा घेतला. तासाभराने साचा उपडा केला तर ओट्यावर ठण्ण आवाज आला. आण्णांनी बोटाच्या पेराने वाजवून बघितलं.

"पाया भरायला बरा हाय," ते म्हणाले.

दुसऱ्या शनिवारी तांदळाचं पीठ. तो सुंदर पांढरा दिसला, आणि सुरी लावताच वाळूसारखा ढासळला. आदितीने मुठीत तुकडे गोळा करून कटात टाकले. कटाचं पिठलं झालं. तिसरा नाचणीचा. वरून फुगलेला बघून सगळे आनंदले, कापला तर आत नुसती गुहा. चौथ्यात जवसाची पूड घातली, पाचव्यात ताक, सहाव्यात तापमान कमी केलं. सातवा गरमागरम कापला म्हणून आतून गोंदासारखा चिकटला. आदिती इमानाने सगळ्या फसलेल्या ब्रेडचा चुरा दुधात घालून खायची आणि दर वेळी म्हणायची, "मागच्यापेक्षा बरा हाय."

मार्च संपेपर्यंत नऊ ब्रेड झाले. चंदनाला एक गोष्ट लख्ख कळली होती. जे द्रव्य पोरीला सोसत नाही, तेच ब्रेडला धरून ठेवतं. ते काढलं की पीठ म्हणजे नुसती माती. तिला धरणारं दुसरं काहीतरी हवं. काय, ते कळत नव्हतं.

"बास की आता," जिनेंद्र एकदा वैतागून म्हणाला. "भाकरी खाऊनच कोल्हापूर मोठं झालंय."

"भाकरीला मी कुठं नावं ठेवतेय?" चंदना म्हणाली. "पण प्रत्येक ठिकाणी तिला वेगळं काढून बसवतात ना, ते मला बघवत नाही. निदान घरात तरी एका ताटातलं सगळ्यांनी खावं."

 पुढच्या शनिवारी साचा त्यानेच घासून ठेवला.

मग एप्रिलमध्ये आदिती पुन्हा आजारी पडली. आधी नुसतं पोट फुगलं, मग दोन दिवस उलट्या. डोळे खोल गेले.  तीन महिन्यांचं कमावलेलं दोन दिवसांत गेलं होतं. तिने आठवून आठवून हिशेब लावला. घरात गहू नव्हता. पण आदल्याच दिवशी आक्का नातीला घेऊन बस्तीत, जैन मंदिरात, गेल्या होत्या, देवदर्शनाला. तिथे बायका भेटतात, कोणी लाडू देतं, कोणी शंकरपाळी.

रात्रीचं जेवण त्या घरी दिवस मावळायच्या आत होत असे. ताटं मांडलेली होती, सगळे बसलेले होते. चंदनाच्या तोंडून सगळ्यांसमोरच निघालं.

"आक्का, खरं सांगा. बस्तीत तिला काय दिलंत?"

आक्कांचा वाढता हात थांबला. "मी? मी कायबी दिलो न्हाय."

"तुमचा पहिल्यापासून विश्वासच नाही. कणानं काय होतंय, असं तुम्हीच म्हणालात. एखादा लाडू दिला असेल, लपवू नका. मला फक्त कळू दे."

"चंदना!" जिनेंद्र म्हणाला.

आक्कांनी आमटीचं पातेलं खाली ठेवलं, डाव खाली ठेवला, आणि आतल्या खोलीत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पुढचे चार दिवस त्यांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाही. रविवारी मिसळ झाली नाही. 

पाचव्या दिवशी चंदना एकटीच आमटी फोडणीला टाकत होती. हिंगाची डबी उघडायला गेली आणि झाकण घट्ट बसलं होतं म्हणून डबी हातात फिरवली. मागच्या बाजूला बारीक अक्षरं होती. नव्या सवयीने ती वाचू लागली. खाद्य डिंक. गव्हाचं पीठ. हिंग.

तिने गॅस बंद केला. खिडकीशी जाऊन पुन्हा वाचलं. स्वच्छ लिहिलं होतं, कोणी काही लपवलं नव्हतं. वाचलं नव्हतं ते तिनेच. आक्का नेहमी खडा हिंग वापरायच्या, तो मार्चअखेरीला संपला, आणि ही पिवळी डबी बाजारातून चंदनाने स्वतः आणली होती. कांदा-लसूण नसलेल्या घरात चिमटीचिमटीने रोज हिंग पडतो. तीन आठवडे ती पोरीला स्वतःच्या हाताने गहू घालत होती, आणि दोष सासूला दिला होता.

 तिने जिनेंद्रला दुकानात फोन केला, "जेवायला लवकर या." तो येईपर्यंत ती थांबली. आरोप सगळ्यांसमोर केला होता, तर माफीही सगळ्यांसमोरच मागायची होती.

आक्का मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. आण्णा शेजारी पेपर वाचत होते, आदिती पायरीवर. चंदना जाऊन आक्कांसमोर खाली बसली.

"आक्का, चूक माझी आहे. तुमची काही नव्हती. ह्या हिंगात गव्हाचं पीठ आहे, आणि ही डबी मी आणली. मी न वाचता तुम्हाला नको ते बोलले. माझं चुकलं."

आक्कांनी डबी घेतली, हात लांब करून डोळे बारीक केले. अक्षरं लागेनात. "आदू, वाच गं."

आदितीने मोठ्याने वाचलं.

"हिंगात गहू?" आक्का म्हणाल्या. "पंचमकाळ, पडता काळ म्हंत्यात तो ह्योच."  मग त्यांचा आवाज उतरला. "चिमटीत किती येतो हिंग? आन त्या हिंगात गहू किती? तेवढ्यानं ही पोर चार दिवस अंथरुणाला खिळली." त्यांनी नातीच्या मनगटाकडे पाहिलं. "मी म्हनत हुतो कणानं काय हुतंय. झालं की कणानं."

 आक्कांनी सूप बाजूला सारलं.

"ऊठ. रडत बसू नगंस. आमटी अर्धी टाकून आलीयास न्हवं? आन येत्या शनिवारी त्यो तुझा ब्रेड करताना मला हाक मार. कवाधरनं लांबनं बघतोय, जीव खालवर हुतोय नुसता."

शनिवारी आक्का पदर खोचून ओट्यापाशी उभ्या राहिल्या. चंदनाने परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, गार पाणी ओतलं, तशा त्या कडाडल्या.

"कच्चंच भिजीवतीयास व्हय? अगं, अकरा ब्रेड आसंच केलीस? जुन्या ज्वारीची भाकरी थापताना तुटाय लागली तर मी काय करतो?"

"उकड काढता."

"मग ह्याला न्हाय काढायची?"

 उकळत्या पाण्यात पीठ टाकून झाकून ठेवायचं, वाफ मुरू द्यायची आणि कोमट असताना तळहाताने रगडायचं, हे या घरात वर्षानुवर्षं रोजचं होतं. तिने इतकी पिठं बदलली, पण पाणी बदलावं हे डोक्यात आलं नव्हतं. आक्कांनी निम्म्या पिठाची उकड काढली आणि बांगड्या मागे सारून असं मळलं, की पीठ लोण्यासारखं झालं. बारावा ब्रेड ढासळला नाही. गार झाल्यावर त्याचे चक्क स्लाइस पडले. आण्णासुद्धा खुर्ची पुढे ओढून बसले. आदितीने स्लाइस कटात बुडवला आणि मोजायला लागली.

"एक... दोन... तीन... गेला!"

निम्मा स्लाइस तिच्या बोटांत आणि निम्मा वाटीच्या तळाशी होता.

"तीनपर्यंत तरी आला की," आक्का म्हणाल्या. "आधी तर एकलाबी येत न्हवता."

उरलेलं काम आण्णांच्या हातून झालं, आणि तेही नकळत. रोज सकाळी ते ग्लासभर पाण्यात चमचाभर इसबगोल घालून ढवळायचे आणि लगेच प्यायचे. त्या मंगळवारी ढवळताना गडहिंग्लजहून लेकीचा, त्रिशलाचा, फोन आला. मे महिन्याच्या सुट्टीत चार दिवस येतो म्हणाली. बोलणं लांबलं. आण्णा परत आले तेव्हा ग्लासातलं पाणी थिजलं होतं.

"चंदना, ह्ये बघ," त्यांनी कुरकुर केली. "खरवस झाला ह्याचा." आणि ग्लास उपडा केला. आतला गोळा थरथरला, पण पडला नाही.

चंदनाच्या हातातली भाकरी थापायची तशीच राहिली. तिने सासऱ्यांच्या हातून ग्लास घेतला, आत बोट घातलं, वर ओढलं. तार निघाली. ओलावा धरणारं, ताणलं तरी न तुटणारं, ना गहू ना अंडं. रोज सकाळी नजरेसमोर ढवळलं जात होतं.

"आण्णा, तुमची इसबगोलची बाटली आजपासून माझी."

"आन माझं पोट?"

"तुम्हाला दुसरी आणते!"

शनिवारपर्यंत कोणाला धीर नव्हता. बुधवारीच पीठ निघालं. निम्म्या पिठाची उकड, त्यात भिजून फुगलेला इसबगोल, थोडं तेल, मीठ, गुळाचं पाणी. चंदनाने दह्याचं भांडं उचललं, तोच आक्कांनी हात आडवा घातला.

"दही नगं. मटकीसंगं दही म्हंजे द्विदल हुतंय, कडधान्यात दही मिसळणं आमच्या धरमात बसत न्हाय. मला चालायचं न्हाय."

चंदनाने भांडं ठेवलं. मग वाक्य नीट तिच्या कानात शिरलं. "तुम्हाला? म्हणजे... तुम्ही खाणार?"

"माझा नियम बेकरीतल्या आंबवलेल्या मालाचा हाय," आक्का तिच्याकडे न बघता पीठ मळत म्हणाल्या. "ह्यात काय आंबवलंय? सगळं माझ्या डोळ्यांदेखत पडलंय. फकस्त त्याच दिवशी केलेला पायजे, शिळा न्हाय."

दह्याऐवजी लिंबू पिळलं. सोडा शेवटी, साच्यात ओतायच्या अगदी आधी. पीठ फसफसून वर आलं तसं चंदनाने झटकन साचा आत सरकवला. तासभर चौघं स्वयंपाकघरातून हलली नाहीत. ओव्हनच्या काचेतून आदितीने पहिल्यांदा पाहिलं. "आई! काठाच्या वर आला!"

तो दोन बोटं वर आला होता. वर तपकिरी साल, त्यावर एक सरळ भेग. गार होईपर्यंत कोणी सुरी लावायची नाही म्हणून चंदनाने सुरीच कपाटात ठेवली. दोन तासांनी स्लाइस कापले. आदितीने बुडवला. ती दहापर्यंत मोजत गेली, मग पंधरापर्यंत, मग तिला मोजायचा कंटाळा आला. तिने तो अख्खा वर काढला, लाल झालेला, जड झालेला, टोकाला थेंब लोंबणारा, आणि तोंडात घातला. डोळे मिटले. गालावरून कटाचा ओघळ हनुवटीपर्यंत आला.

"पितो," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "आई, ह्यो कट पितो!"

चंदना ओट्याला टेकून खाली बसली आणि आता मात्र तिला रडू आवरलं नाही.

पण घरच्यांनी वाहवा करणं वेगळं. खरी कसोटी मे महिन्यातल्या रविवारी होती. त्रिशला, तिच्या दोन मुली आणि नवरा भरतेश आदल्या दिवशी गडहिंग्लजहून आले होते. भरतेश म्हणजे मिसळीतला दर्दी. उभ्या जिल्ह्यातल्या मिसळी खाऊन बसलेला, आणि तोंडाचा इतका फटकळ, की यजमानाच्या तोंडावर "कट पानचट हाय" म्हणायला कमी करायचा नाही. जावई म्हणून त्याला कोणी अडवतही नसे.

पहाटे साडेपाचलाच आक्का आणि चंदनाने दोन ब्रेड लावले. फिरायला गेलेला भरतेश आठ वाजता परत आला तो हातात बेकरीच्या ब्रेडची दोन पाकिटं घेऊन. सरळ स्वयंपाकघराकडे निघाला.

"आदूचा ब्रेड आदूला," तो मोकळेपणाने म्हणाला. "आमी आपला आमचा आणलाय. तिला कशाला कमी पाडा?"

चंदनाचा चेहरा उतरला. नको म्हणावं तर जावई. ती काही बोलायच्या आत आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात चौकटीला.

"पावणं, ती पाकिटं गाडीत ठिवून या."

"अवं आक्का, ब्रेडच हाय की."

"ब्रेडच हाय म्हनूनच. त्यातला एक कण परातीत पडला तर माझी नात चार दिवस झोपती. मी बगितलोय डोळ्यानं. आन आज ह्या घरात सगळी एकाच ब्रेडचं खाणार. तुमीबी. पटलं न्हाय तर परत जाऊन पाकीट फोडा, गाडीत बसून खावा."

आक्कांनी जावयाला असं कधी बोललेलं त्रिशलाने आयुष्यात ऐकलं नव्हतं. भरतेश हसत पाकिटं घेऊन जिना उतरला. वर आल्यावर आक्कांनी त्याला साबण लावून हातही धुवायला लावले.

नऊ माणसं बसली. ताटलीत मटकी, वर घरी काढलेली शेव, बाजूला कटाची वाटी, आणि मधोमध फडक्यावर दोन्ही ब्रेड. चंदनाने सुरी आदितीच्या हातात दिली. पोरीने जीभ दातात धरून एकेक जाड स्लाइस कापला. आतून जाळीदार, भुरकट, ज्वारीच्या वासाचा. पहिला स्लाइस तिने आत्याच्या नवऱ्यापुढे ठेवला.

"मामा, बुडवा. मी मोजतो."

भरतेशने स्लाइस उलटसुलट करून बघितला, हुंगला, आणि बुडवला. आदिती मोजू लागली. तिच्या मागोमाग त्रिशलाच्या मुली मोजू लागल्या, मग जिनेंद्र, मग आण्णा. दहा झाले. वीस झाले. पंचविसाला भरतेशने तो वर उचलला. ठिबकत होता, पण सगळ्या कोपऱ्यांसकट शाबूत होता. त्याने मोठा घास घेतला आणि चावत राहिला.  

"एक सांगू?" भरतेश म्हणाला. "ह्यो ब्रेड बेकरीसारखा न्हाय."

आदितीचं तोंड एवढंसं झालं.

"बेकरीचा कट पितो आणि मान टाकतो," भरतेश म्हणाला. "ह्यो पितो आणि वर ताठ उभा राहतो! वैनी, पैजेवर सांगतो, असला ब्रेड मी कोल्हापुरात कुठं खाल्लो न्हाय. आनखी चार द्या हिकडं!"

मग जो गलका झाला त्याला सुमार नाही. हात एकमेकांवर आपटले, कट सांडला, त्रिशलाच्या धाकटीने टोकाचा कुरकुरीत तुकडा पळवला म्हणून मोठी किंचाळली. जिनेंद्र "माझा कुठाय, माझा कुठाय" करत उठून उभा राहिला. आणि त्या गोंधळात चंदनाचं लक्ष आक्कांकडे गेलं. त्यांच्या ताटात भाकरी नव्हती. एक स्लाइस होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी मोडला, तुकडा कटात अलगद बुडवला, थोडा वेळ तसाच धरला आणि तोंडात घातला.

एकेक करून सगळे तिकडे बघू लागले.

"आज्जी, कसा हाय?" आदितीने विचारलं.

आक्का चावत होत्या. "थांब की जरा, खाऊ दे." दुसरा तुकडा बुडवला. तोही खाल्ला. मग पदराने ओठ टिपून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "चाळीस वर्सं तुमी ह्ये खाताय आन मला सांगितला न्हाईसा, की कट असा खायचा असतोय?"

आण्णा हसता हसता खुर्चीवरून घसरायचे राहिले.

दोन्ही ब्रेड दहा वाजायच्या आत संपले. शेवटचा स्लाइस कोणाचा यावरून वाद पेटला तो भरतेश आणि आदितीमध्ये, आणि आदिती जिंकली. त्रिशला वही-पेन घेऊन स्वयंपाकघरात आली, तर आक्कांनी तिला परातीपुढेच बसवलं, "लिहून काय येतंय? हात घाल." त्यांनी उकड कशी रगडायची ते दाखवलं, चंदनाने इसबगोल किती आणि सोडा कधी ते सांगितलं. दोघी एकमेकींची वाक्यं पुरी करत होत्या. तिसरा ब्रेड साच्यात पडला.

दुपारी आक्का बस्तीतून परत आल्या त्या जिना चढतानाच हाका मारत.

"चंदना, पुढच्या रविवारी चार साचे लागतील गं!"

"चार? कोण येणार आहे?"

"बस्तीतल्या पाचजणी. सगळ्या नियमवाल्या, जन्मात कुनी ब्रेडला हात लावला न्हाय. मी सांगून आलोय, माझ्या सुनेनं केलाय, येऊन बगा म्हनून." धाप लागली होती तरी त्या थांबल्या नाहीत. "त्या चंद्राबाईला खरं वाटंना. म्हनली, गव्हाबिगर ब्रेड हुतोय व्हय? मी म्हनलो, ये तर खरी, माझी नात मोजून दाखवंल."

आदिती घरघंटीपाशी धावली आणि तिने ज्वारीचा डबा ओढायला सुरुवात केली.